शुभेच्छुक

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की साताऱ्याच्या शुभेच्छुकाला ग्रीटिंगचे वेध लागत. माणूस पेन्शनीला आलेला, अक्षर मोत्यासारखं आणि कपाटात एक लांबट वही. वहीत दोन रकाने : ‘गेलं’ आणि ‘आलं’. सलग दोन दिवाळ्या ‘आलं’ कोरं राहिलं की नावावर लाल रेघ. मग तो सख्खा मेहुणा असो नाहीतर जुना साहेब.

मोती चौकातल्या दुकानात तो तासभर कार्डं चाळी. पणतीवर बोट फिरवलं की चमकी बोटाला लागते ते साहेबांना, साध्या लक्ष्मीचं भावकीला. गेल्या साली ज्यांनी नुसत्या रबरी शिक्क्याचं धाडलं, त्यांना गठ्ठ्यातलं सगळ्यात स्वस्त. पाकीट चिकटवायचं नाही, झाकण आत खोचायचं आणि वर ‘बुकपोस्ट’ लिहायचं, म्हणजे तिकिटात चार पैसे सुटत. छापील मजकुराखेरीज हाताने पाचच शब्द लिहायचे, हा नियम त्याला तोंडपाठ. “वन्संना विचारा ना, मुलीचं जमलं का,” असं बायको म्हणाली की तो बोटं मोजी. “मुलीचं, जमलं, का. तीन झाले. उरलेल्या दोनांत शुभेच्छा देऊ की सही करू?”

पिनकोड हा त्याचा खास प्रांत. १९७२ साली पिन आला आणि याच्या हाती घबाडच लागलं. सांगलीचा ४१६४१६ काय, शेंबडं पोरही सांगेल. पण विटा आणि इस्लामपूर सांगली जिल्ह्यात असूनही त्यांचा पिन साताऱ्यासारखा ४१५ नेच सुरू होतो. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं, “पण पोस्टाला अजून वाटणी मान्य नाही,” हे तो दर दिवाळीला फराळाबरोबर वाढी.

सांगलीचा शुभेच्छुक साखरपट्ट्यातला. कारखान्याचे चेअरमन, पतसंस्था, खतवाला, सगळ्यांची कार्डं घरी येत. कार्डावर लक्ष्मी कोपऱ्यात आणि चेअरमन मधोमध. ती छापील, साऱ्या सभासदांना गेलेली. पण हा पठ्ठ्या ‘आलं’मध्ये मांडून चेअरमनला उलटटपाली ग्रीटिंग धाडी. संक्रांतीला कार्डासोबत तिळगुळाची चिमुकली पुडी. पोस्टाचा शिक्का नेमका तिच्यावर बसे, आणि पाकीट उघडलं की हलव्याचा भुगा मांडीवर.

या उद्योगाचा मूळपुरुष लंडनचा हेन्री कोल. आलेल्या पत्रांना उत्तरं लिहिता लिहिता जीव मेटाकुटीला आला, म्हणून त्याने १८४३ च्या नाताळात एकच शुभेच्छापत्र छापून घेतलं. आपल्या साताऱ्याच्या शुभेच्छुकाला हे सांगू नये. काम वाचावं म्हणून ग्रीटिंग निघालं, हे त्याला पटायचं नाही.

मग मुलाने त्याला मोबाईल घेऊन दिला.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ जण मावतात, हे कळलं त्या रात्री त्याला झोप लागली नाही. धनत्रयोदशीला पहाटे पाचला झेंडूंच्या तोरणाखाली स्वतःचं नाव टाकलेलं चित्र सुटलं. पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो, त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. बऱ्याच जणांपुढे दुसरी टिक उमटलीच नाही, आणि चाळीस वर्षांच्या वहीने जे सांगितलं नव्हतं ते एका सकाळी कळलं. २०१८ साली फॉरवर्डवर पाच जणांची मर्यादा आली, तेव्हा मात्र तो खूश झाला. “बुकपोस्टाचाच कायदा आणलाय!”

एक घोटाळा मात्र वहीने कधी केला नसता. कुणाकडे माणूस गेलं की ती नावापुढे पेन्सिलीने लिही, ‘यंदा सण नाही’. ब्रॉडकास्टला असली रीत ठाऊक नाही. चैत्रात आई गेलेल्या सांगलीच्या मेहुण्यांकडे लखलखत्या पणत्या जाऊन पडल्या. “अहो, वन्संना आत्ताच्या आत्ता फोन लावा,” बायको ओरडली. फोनवर त्याने इतक्यांदा माफी मागितली की शेवटी वन्संनीच त्याची समजूत काढली.

संध्याकाळी मेहुण्यांचं उत्तर आलं : नुसते जोडलेले दोन हात. चष्मा पुसून त्याने वही काढली. याला ‘आलं’ म्हणावं की कसं, यावर घरात बराच खल झाला. अखेर रकान्यात पेन्सिलीने ‘अर्धं’ अशी नोंद पडली.