सोळा किलो मैद्याचं अपील

हॅरो, लंडन
ऑक्टोबर अखेर

ती. आईस,

सोळा किलो मैद्याचं पोतं घरात आणणारी माणसं एकतर बेकरी काढणार असतात नाहीतर त्यांचं डोकं फिरलेलं असतं, हा तुझा निकाल बाबांनी कळवला. त्यातले दोन शब्द त्यांनी गाळले असावेत, असा आमचा अंदाज. निकालावर अपील करता येतं, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं असं, की घाऊक खरेदी शहाणपणाची की वेडेपणाची, हे पोत्याचा आकार पाहून सांगता येत नाही आणि दुकानातली स्वस्ताईची पाटी पाहून तर मुळीच नाही. जिन्नस किती दिवस टिकतो आणि घर तो किती दिवसांत संपवतं, एवढे दोनच आकडे बघायचे. एका पावाला साधारण अर्धा किलो मैदा लागतो. आठवड्याला दोन पाव म्हटले तर सोळा किलोंचं पोतं सोळा आठवड्यांत रिकामं. कोरड्या जागी झाकून ठेवलेला मैदा सहज वर्षभर टिकतो. म्हणजे तो बिघडायचं मनात आणेपर्यंत आम्ही त्याला खाऊन बसलेलो असतो.

आता मला म्हणता आलं असतं, की मे महिन्यात वर्षाचं धान्य भरणाऱ्या, तांदळाला बोरिक पावडर आणि तूरडाळीला एरंडेल चोळणाऱ्या बाईच्या लेकीला बेगमी काय शिकवायची? पण हा बचाव लंगडा आहे, आणि तू तो पहिल्याच झटक्यात पाडशील. तू वर्षाचे गहू भरतेस, वर्षाचं पीठ कधीच भरत नाहीस. गिरणीतून दळण येतं ते आठवड्या-पंधरवड्याचं. त्यात बरोबरच आहेस. अख्ख्या दाण्यात अंकुराचं तेल कोंड्याच्या आत सुखरूप असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि ते हळूहळू खवट व्हायला लागतं. त्यामुळे अख्ख्या गव्हाची कणीक कपाटात काही महिनेच बरी राहते, आणि इथल्या देशी दुकानांत दहा-दहा किलोंच्या पिशव्या रचलेल्या पाहून हात शिवशिवतो तेव्हा तो तुझ्या नावाने आवरावा, हे मला मान्य आहे. मैद्याचा खटला वेगळा. त्यातून कोंडाही काढलेला, अंकुरही काढलेला. खवट व्हायला फारसं तेलच उरलेलं नाही. डॉक्टर मंडळी ज्या कारणासाठी मैद्याला नावं ठेवतात, नेमक्या त्याच कारणासाठी कोठीत त्याला मानाचं पान मिळायला हवं.

दुकान पाच मिनिटांवर असताना साठा कशाला, ही तुझी दुसरी हरकत. तिचं उत्तर 2020 च्या एप्रिलात या देशाने दिलं आहे. लॉकडाऊन लागला आणि अख्खी ब्रिटिश जनता एकदम पाव भाजायला बसली. दुकानांत मैदा दिसेना. वर्तमानपत्रं वाचून वाटावं की गहूच संपला, पण गहू होता, गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या. तोटा होता तो छोट्या पिशव्या भरणाऱ्या यंत्रांचा! या देशातल्या एकूण पिठापैकी जेमतेम 4 टक्के पीठ दुकानांतून घरगुती पिशव्यांत विकलं जातं. बाकीचं टँकरने नाहीतर पोत्यांनी बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जातं. गिरणीवाल्यांच्या संघटनेने सांगितलं, की उत्पादन दुप्पट करूनही आठवड्याला 40 लाख पिशव्याच निघतात, आणि तेवढ्यात फार तर 15 टक्के घरांना आठवड्याला एक पिशवी मिळेल. यावर तू म्हणशील, तुमच्यासारख्या साठेबाजांमुळेच झालं ते. उलट आहे. संकट आल्यावर दीड किलोच्या पिशवीवर तुटून पडतो तो साठेबाज. आधीच निवांतपणी पोतं आणणारा त्या रांगेत नसतो, आणि त्याचं पोतं त्या 4 टक्क्यांच्या चिंचोळ्या वाटेने आलेलंही नसतं.

म्हणून सगळंच पोत्याने आणावं असं मात्र नाही, आणि इथे आमच्यातली भली भली माणसं फसतात. यीस्ट बघ. सात ग्रॅमची पुडी एका पावाला पुरते, आणि पुड्या-पुड्यांनी घेतलं तर ग्रॅममागे कितीतरी पट दाम मोजावा लागतो. अर्ध्या किलोचं घट्ट बंद पाकीट घेतलं तर सत्तर पाव होतात. फोडल्यावर बरणीत भरून फ्रीझरमध्ये टाकलं की कित्येक महिने बिनतक्रार काम करतं. बेकिंग पावडरचं याच्या नेमकं उलटं. डबा उघडला की हवेतली ओल तिला गुपचूप आतल्या आत खर्च करते. सहा महिन्यांनी दिसायला तशीच पांढरी, पण केक बसतो तो बसतोच. किलोचा डबा शंभर केकना पुरतो. म्हणजे सहा महिने दर आठवड्याला चार केक हाणायची तयारी असेल तरच तो स्वस्त. ज्यांच्याकडे असा डबा आधीच आहे त्यांनी चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघावी. फसफसली नाही तर डबा बटणं ठेवायला चांगला. सेल्फ-रेझिंग मैद्याचीही हीच गत, कारण त्यात फुगवणारं द्रव्य गिरणीतूनच मिसळून येतं. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्सने 1845 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि बोटीवरच्या खलाशांना टणक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा म्हणून तो आरमाराच्या मागे लागला. आम्हाला बोटीने कुठे जायचं नाही, त्यामुळे साधा मैदा आणि वेगळी छोटी डबी बरी. आणि पावाचा मैदा स्वस्त पडतो म्हणून त्याचे शंकरपाळे करू नयेत. त्यात चिवटपणा जास्त. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांच्या दाढांचा खर्च हिशेबात धरावा लागेल.

भाव वाढणार म्हणून साठवणं हा तर शुद्ध सट्टा. 2017 मध्ये मादागास्करला चक्रीवादळाने झोडपलं, आणि पुढच्या वर्षी व्हॅनिलाच्या शेंगा किलोला 600 डॉलरच्या आसपास, म्हणजे चांदीच्या वर गेल्या. पुढे भाव कोसळले. तेव्हा घाबरून शेंगा भरलेल्यांनी त्या आता फ्रेम करून लावाव्यात.

किड्यांबद्दल तू काळजी करतेस ती रास्त आहे, पण इलाज सोपा आहे. पिठात किडा बहुधा बाहेरून चालत येत नाही, अंड्यांच्या रूपाने आधीच आलेला असतो. पीठ चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर ठेवलं की तो प्रश्न मिटतो. आख्खं पोतं मावत नाही, पाळीपाळीने ठेवावं लागतं, हे खरं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर थंड पिठावर दव धरतं आणि किडा वाचला असता तर बरं झालं असतं असा बुरशीचा कारभार सुरू होतो. इथला खरा शत्रू ओलच आहे. हिवाळ्यात बाहेरच्या भिंती आतून घाम सोडतात, म्हणून डबे जिन्याखालच्या कपाटात, भिंतीपासून वीतभर लांब. जागा अडते म्हणशील, तर त्या कपाटात एरवी जे असतं ते तू पाहिलंस तर मैदाच बरा म्हणशील.

आता तुझ्याकडून न आलेली, पण सगळ्यांत वजनदार हरकत मीच मांडते. घरात भरलेलं असलं की जास्त खाल्लं जातं. हे खोटं म्हणता येत नाही. पोत्याने किलोमागे वाचवलेले पैसे दोन जादा केकमध्ये सहज विरघळतात, आणि केकला नुसता मैदा पुरत नाही, लोणी, साखर, अंडी, बदाम सगळी वरात येते. यावर माझा तोडगा असा: पोत्याने आणायचं ते फक्त पावाचं सामान. कोरडा मैदा येता-जाता कोणी तोंडात टाकत नाही. बदाम-अक्रोड तेलकट, लवकर खवट होणारे, आणि फार चटकन गायब होणारेही. ते लागतील तेवढेच. लोणी फ्रीझरमध्ये छान टिकतं, आणि नेमकं म्हणूनच ते साठवायचं नाही. बाबांना वाचून दाखवताना हे वाक्य गाळू नकोस, कारण डिसेंबरात तुम्ही दोघं याल तेव्हा फ्रीज उघडून पहिली तक्रार तेच करणार आहेत. येताना बोरिक पावडर आणू नका. तुझी मोठी पिठाची चाळणी मात्र आण, इथल्या चाळण्या पोरखेळ आहेत.

तुझी,
थोरली