रिंगा, रिव्ह्‌ज आणि उसाची ट्रॉली

सांगलीत नवी स्पोर्ट्‌स कार आली की आधी गणपती मंदिरासमोर उभी राहते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हार, पेढे वाटून होतात. माहितीपुस्तिका मात्र प्लास्टिकमध्येच. कोण वाचणार? त्यात न रुचणारंच लिहिलेलं: बीएमडब्ल्यूच्या एम गाड्या पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएमच्या वर नेऊ नका, वेग १७०च्या आत ठेवा.

कारण इंजिनात आहे: सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या बारीक, तिरप्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून नीट बसल्या की कॉम्प्रेशन धरतं, तेल जळत नाही. त्यासाठी वेग कमी-जास्त होत राहावा. एकाच गतीने तासभर पळवणं वाईट, ॲक्सिलरेटर तळाला टेकवणं तर नकोच.

ही शिस्त सातारा-कागल महामार्ग फुकटात लावतो (टोल वेगळा). सहापदरीकरणापायी गाडी घटकेत मुख्य रस्त्यावर, घटकेत सेवारस्त्यावर. गाळप हंगामात पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर कर्कश गाणी. दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. जर्मन इंजिनिअरला हेच तर हवं असतं! १७०चं म्हणाल, तर चौपदरी महामार्गावर कारला कमाल मर्यादा १००च आहे. तीसुद्धा पेठ नाक्यापर्यंत क्वचितच गाठता येते.

खरा धोका साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात. कास पठाराला निघालेल्या मित्रांना सायलेन्सरचा आवाज ऐकवायची खुमखुमी तिथेच येते, तीही साताऱ्यात नुकत्याच सुरू केलेल्या थंड इंजिनावर. २००० किलोमीटरला इंजिन आणि डिफरन्शियलचं तेल बदलून घ्यावं. तोवर मित्रांना रेडिओ ऐकवावा.