क्षयाला ब्रेकिंग न्यूज नाही

२४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. २०२० साली याच तारखेला रात्री आठला कोविडमुळे देशाला कुलूप लागणार असल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी क्षयाची आठवण राहिली असेल तर ती फक्त खोकणाऱ्याला.

पुढे कोविडसाठी सरकारला काय काय जमलं, बघा. रोज संध्याकाळी आकडा. एक सापडला की त्याचं अख्खं घर तपासायचं. धारावीत दारोदार जाऊन ताप मोजायचा. वर्षाच्या आत लस. क्षयाची बीसीजी १९२१ सालची, आजही तीच!

गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅट यंत्र क्षय शोधायचं, ते कोविडच्या दिमतीला गेलं. माणसंही गेली. परिणाम? नोंदवलेले क्षयरुग्ण २०१९ मध्ये २४ लाख, २०२० मध्ये १८ लाख. रोग घटला नव्हता, शोधणारे घटले होते. कागदावर मात्र काय झकास दिसलं!

क्षयवाल्याची वारी ठरलेली. आधी मेडिकलमधून खोकल्याचं औषध, मग गल्लीतल्या डॉक्टरची सुई, मग एक्सरे, आणि शेवटी सकाळचा बेडका डबीत घेऊन सरकारी रांगेत. तोवर घरातल्या पोरासोरांना प्रसाद वाटून झालेला असतो.

देशात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं या रोगाने जातात. तरी घबराट नाही. कारण साधं आहे. कोविड विमानाने आला आणि पासपोर्टवाल्यांच्या घरी उतरला. क्षय लोकलने येतो, खुराड्यासारख्या खोलीत राहतो आणि टॉवरवाल्यांच्या बातम्यांत बसत नाही. जगाच्या पाच वर्षं आधी, २०२५ पर्यंत क्षय हटवायचं आपण ठरवलं होतं. २०२५ वेळेवर येऊन गेलं, क्षय इथेच आहे.

क्षयासाठी कोविडच्या साथीची नक्कल जरूर करा, पण हातावरचा शिक्का आणि सोसायटीचं बंद गेट वगळून. क्षयवाल्याला वाळीत टाकायला आपल्याला साथीची शिकवणी कधीच लागली नाही. उचलायचा तर संध्याकाळचा आकडा उचला. पालकमंत्र्यांनी रोज कॅमेऱ्यासमोर सांगावं: आज जिल्ह्यात किती सापडले, किती घरं तपासली, गोळ्यांचा साठा किती दिवसांचा. साठा शून्य असल्याचं सलग दोन संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं, की तिसऱ्या दिवशी गोळ्यांचा ट्रक दारात उभा असेल.