साडेसात हजारांची पंगत

मराठी माणूस अमेरिकेत कितीही मुरला, तरी वस्तू घेताना तो आधी वजाबाकी बघतो आणि मग वस्तू. विजेच्या गाडीवर साडेसात हजार डॉलरपर्यंत करसवलत मिळते हे कळल्यावर फ्रीमॉन्टमधल्या आमच्या ओळखीपाळखीच्या घरांत पर्यावरणाचा कळवळा दाटून आला तो असा.

पण ही सवलत संपायचा हिशेब सोबत घेऊनच जन्मली होती. एका कंपनीच्या दोन लाख गाड्या अमेरिकेत खपल्या की त्या कंपनीपुरती ओहोटी सुरू. आकडा ज्या तिमाहीत गाठला ती तिमाही आणि तिच्या पुढची, एवढीच पूर्ण रक्कम. मग सहा महिने अर्धी, सहा महिने पाव, नंतर शून्य. म्हणजे पहिल्या पंगतीला अख्खी जिलेबी, दुसरीला अर्धी, तिसरीला तुकडा आणि चौथीला यजमानांचा नमस्कार.

टेस्लाने हा आकडा जुलै २०१८ मध्ये ओलांडला. जूनमध्येच ओलांडला असता, तर पूर्ण सवलत सप्टेंबरअखेर आटोपली असती. जुलै उजाडल्यामुळे ती डिसेंबरअखेरपर्यंत लांबली. मग १ जानेवारी २०१९ ला ३,७५० डॉलर, १ जुलैला १,८७५ आणि २०२० लागताच काही नाही. पाठोपाठ जनरल मोटर्सचीही मार्च २०२० अखेर तीच गत झाली. ज्यांच्या गाड्या धडाधड खपल्या त्यांची सवलत गेली, ज्यांच्या खपत नव्हत्या त्यांची शाबूत राहिली!

आमचे एक स्नेही मंडळाचे खजिनदार आहेत. गाडीचा विषय निघाला की ते तिमाही विचारत. "भावजी, चालवून तरी बघा एकदा," असं माझी बायको म्हणाली, तर म्हणाले, "वहिनी, चालवायला आयुष्य पडलंय, पण ही तिमाही परत येणार नाही." शिवाय तेव्हा ही सवलत हातात पडत नसे, देय करातून वजा होई. कर कमी निघाला तर उरलेली रक्कम बुडाली. पुढच्या वर्षी नेण्याची सोय नाही. त्यामुळे आपल्याला भरपूर कर बसावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला खजिनदार बघण्याचं भाग्य आम्हाला लाभलं.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये नवा कायदा झाला आणि २०२३ पासून दोन लाखांची अट उठली. सरकारने एक अट काढली आणि तिच्या जागी आठ घातल्या. गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत हवी, बॅटरीतली खनिजं कुठली ते सांगा, जोडप्याचं उत्पन्न तीन लाख डॉलरच्या आत हवं, मोटारीची किंमत ५५ हजारांच्या आत आणि एसयूव्हीची ८० हजारांच्या. आता मोटार कुठली आणि एसयूव्ही कुठली? जानेवारी २०२३ मध्ये पाच आसनी मॉडेल वाय सरकारदरबारी मोटार होती आणि तीच सात आसनी घेतली तर एसयूव्ही! म्हणजे मागे सासूसासऱ्यांची सोय केली की किमतीची मर्यादा २५ हजारांनी वाढे. फेब्रुवारीत सरकारने व्याख्या बदलली आणि सासूसासरे निष्कारण मोकळे झाले.

२०२४ पासून तर ही रक्कम विक्रेत्याकडेच किमतीतून वळती करून घेता येऊ लागली. खजिनदारांना ते रुचलं नाही. "इतकं सोपं केलंय म्हणजे आता बंद करणार," ते म्हणाले. आणि झालंही तसंच. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ३० सप्टेंबर ही अखेरची तारीख ठरवली. या वेळी अर्धी नाही, पाव नाही, एकदम पान उचललं. त्या तिमाहीत अमेरिकेत विजेच्या गाड्या विक्रमी खपल्या. त्या तारखेपर्यंत पक्का करार करून काही रक्कम मोजली, तर गाडी मागाहून आली तरी चालणार होतं. त्यामुळे लोकांनी गाड्या कमी आणि पावत्या जास्त घेतल्या.

खजिनदारांनी मात्र काहीच घेतलं नाही. अर्धी सवलत असताना पूर्ण गेल्याचं दुःख होतं, पूर्ण परत आली तेव्हा आणखी वाढेल अशी आशा होती. ऑक्टोबरात ते आमच्याकडे चहाला आले, तेव्हा चेहरा कसा निवळलेला होता. दारात उभ्या असलेल्या आमच्या गाडीभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली आणि विचारलं, "काय हो, बसायला बरी आहे का?"