दुर्मीळकाका

पहिला पाऊस पडला की गणेशगुडीच्या आमच्या घरी हमखास येतात जळवा आणि दुर्मीळकाका. जळवा मीठ टाकलं की सुटतात.

काका बेळगावचे, बँकेतून निवृत्त. फूल देखणं आहे का, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ‘स्टेटस काय?’ एवढंच. धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ निघालं तर चेहरा खुलतो. ‘चिंता नाही’ निघालं तर बिचारं बुटाखाली गेलं तरी चालतं. जोयड्याची दुपारची बस त्यांच्या मते ‘संकटग्रस्त’ आणि काकूंचा संयम ‘निसर्गातून नामशेष’.

अकरा वर्षं ते एकाच वेलीच्या मागावर आहेत : सेरोपेजिया फँटास्टिका. सेजविक नावाच्या आयसीएस साहेबानं 1921 साली हे नाव ठेवलं, आणि वेल आपल्याच उत्तर कानड्यातली. कंदीलपुष्पाच्या कुळातली. काकांनी हा विषय काढला की आधी दार कुठे आहे ते बघून ठेवावं.

“वासाला भुलून माशी फुलाच्या नळीत शिरते. आतले केस खाली वळलेले, वर येता येत नाही. केस कोमेजले की सुटका, पण तोंडाला परागांचं गाठोडं चिकटलेलं!”

इथे थांबतील तर काका कसले? मग रत्नागिरीचे सडे. डॅल्झेलनं 1850 मध्ये नोंदवलेली पांढरी दीपकाडी, आणि सरकारी दप्तरात ती उगवते तो सडा ‘पडीक जमीन’, म्हणून चिऱ्याच्या खाणींना मोकळा. इथे मात्र मलाही हसू येत नाही.

यंदा आमच्या परसात त्यांना एक वेल दिसली. तासभर चिखलात पालथे पडून फोटो काढले. “ठिकाण कुणाला सांगू नकोस हं!” असं मला बजावून त्यांनी तेच फोटो चार ग्रुपांवर टाकले. मागे आमच्या घराची पाटी स्वच्छ दिसत होती.

शेजारची कुणबी आजी डोकावली. “असल्याचा कांदा आम्ही भाजून खायचो की रे बाबा.”

काका पांढरेफटक. मग वही काढली. “आजी, किती खाल्लेत? कुठल्या साली? बसा जरा.”

आजी बसली. दिवेलागण झाली, जेवणं झाली, आजी बसलेलीच. रात्री अकराला काकांना पेंग आली तेव्हा कुठे ती सुटली.

सकाळी कारवारचा मासेवाला आला. बांगड्याचा भाव ऐकून आजीनं टोपली सरकवली आणि म्हणाली, “अतिसंकटग्रस्त!”