साडेसहा कोटी वर्षांचा अनुशेष

पत्रकावर वरच्या बाजूला लालभडक लाव्हा ओकणारा डोंगर होता आणि खाली मजकूर: ‘एक दिवस ज्वालामुखीच्या प्रदेशात! नागपूर ते नागपूर. नाश्ता, जेवण, दोन वेळचा चहा धरून. लाव्हा हमखास दिसेल.’ डोंगर इंडोनेशियाकडचा असावा, हे सांगायला भूगोलाचा मास्तर लागत नाही. सहल जाणार होती त्या चंद्रपूर जिल्ह्यात एवढा धूर काढणारी जागा एकच, आणि ती वीज केंद्राची. पण मला पकडलं ते शेवटच्या वाक्यानं. ताडोबाची सफारी विकणारा कोणी माईचा लाल ‘वाघ हमखास दिसेल’ असं छापत नाही. इथं चक्क हमी होती. हमी द्यायला त्यांचं काही जात नव्हतं म्हणा. हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपासून जागचा हललेला नाही.

‘ज्वालामुखी पाहायला पैसे कशाला मोजायचे? मे महिन्यात चंद्रपूरच्या बसस्टँडवर उतरलं की झालं,’ असं म्हणून बायकोनं घरीच राहणं पसंत केलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश पाहिलेल्या गावाबद्दल असं बोलायचा तिला हक्क आहे, कारण ते तिचं माहेर. सहल मात्र होळीच्या आधीची होती. सकाळी अंगावर स्वेटर आणि दुपारी तोच कमरेला, असे ते दिवस.

गाईड म्हणजे भद्रावतीकडचा एक किडकिडीत पोरगा. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर नोकरी. म्हणजे हा बोलणार कोट्यवधी वर्षांबद्दल आणि पगार घेणार तासाचा. रविवारी सहली करायचा. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये माझ्याशिवाय वीज मंडळातून निवृत्त झालेले एक साहेब आणि त्यांच्या मिसेस, एक काका (यांच्याबद्दल पुढं येईलच), गडचिरोलीला शाळेवर असलेल्या एक बाई, आणि दोन कॉलेजची पोरं. पोरांना वाटेत वाघ दिसेल का, एवढंच विचारायचं होतं. ते त्यांनी वर्धा रोड लागायच्या आतच विचारून घेतलं.

पण वर्धा रोड लागायच्या आधीच गाडी थांबली. सीताबर्डीला. ‘उतरा,’ गाईड म्हणाला, ‘पहिला पॉइंट.’

मी बर्डीवर बनियन घेतल्या आहेत, भांडून परत केल्या आहेत, एकदा चप्पलही हरवली आहे. पॉइंट म्हणून तिथं कधी उतरलो नव्हतो. गाईडनं टेकडीकडं बोट केलं. वरचा किल्ला सगळ्यांना माहीत असतो. १८१७ साली भोसले आणि इंग्रज तिथं लढले. किल्ला ज्याच्यावर बसलाय ती टेकडी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. ती लाव्ह्याची आहे. काळा पाषाण, बेसाल्ट. ‘म्हणजे आपण लाव्ह्यावर खरेदी करून राह्यलो इतके वर्षं?’ एका पोरानं विचारलं. ‘हाव,’ गाईड म्हणाला, ‘आणि घासाघीस बी.’

मग त्यानं हिस्लॉपची गोष्ट काढली. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४०च्या दशकात धर्मप्रसारासाठी नागपुरात आला आणि दगडांच्या नादी लागला. रॉबर्ट हंटर या आपल्या सोबत्याला घेऊन त्यानं नागपूरच्या आसपासचे थर उकरले, टाकळीला शंखशिंपले आणि पानं-बिया दगडातून काढल्या, लंडनला पाठवल्या. १८६३ साली पूर आलेल्या नाल्यात बुडून तो गेला. त्याच्या नावाचं कॉलेज त्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ साली निघालं. वीज मंडळाचे साहेब एकदम गप्प झाले. ते त्याच कॉलेजात शिकले होते आणि हिस्लॉप म्हणजे कॉलेजला देणगी देणारा कोणी गोरा साहेब, अशी त्यांची आजवर समजूत होती. ‘लंडनला पाठवलं म्हणता?’ एवढंच काकांनी विचारलं आणि डायरीत काहीतरी टिपून घेतलं.

काका कट्टर विदर्भवादी. नागपूर करार झाला १९५३ साली. काका त्याच्यावर अजून नाराज आहेत. विदर्भाची वीज जाते, कोळसा जातो, संत्री जातात आणि येतं काय, तर अधिवेशन, तेही हिवाळ्यात थोडे दिवस. सिंचनापासून रस्त्यांपर्यंत प्रत्येक खात्यातला अनुशेष काकांना तोंडपाठ. दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल त्यांनी वाचलेला आहे, आणि तो वाचलेला दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

नाश्त्याला गाडी बुटीबोरीच्या पुढं एका टपरीवर लागली. पोह्यांच्या प्लेटा आल्या, वर तर्री आली आणि गाईडला फळा सापडला. ‘हे पाहा. आपल्या लाव्ह्याचा काही एक डोंगर नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून रस उतू गेला. एकावर एक थर. ही तर्री वाढताना पोरानं जिथं पळी धरली तिथं जास्त पडली ना? तो सह्याद्री. महाबळेश्वराकडं थर दीडदोन किलोमीटर जाड. आणि हे प्लेटेच्या काठाला जेमतेम पोचलं, ते आपण. नागपूर, वरोरा, चिमूर. थोडं पुढं गेलं की लाव्हा संपला. गडचिरोलीत तर नाहीच. कोरडे पोहे.’

काकांनी चमचा खाली ठेवला.

‘म्हणजे लाव्हा बी पश्चिम महाराष्ट्रालेच?’

‘तसंच म्हणा.’

‘साडेसहा कोटी वर्षांपासून?’

‘हाव जी.’

काकांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आयुष्यभर जे सांगत आलो त्याला थेट पृथ्वीच्या पोटातून पुरावा निघाल्यावर माणूस जसा दिसेल तसे ते दिसत होते. त्यांनी आणखी एक प्लेट मागवली, तर्री जास्त.

जामला हैदराबादचा रस्ता सोडून गाडी चंद्रपूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. दिवसभरात आम्ही लालभडक म्हणून जे काही पाहिलं ते एवढंच. बाकी वेचून झालेल्या शेतांत पऱ्हाटी उभी, कुठं हरभरा, आणि सगळीकडं काळी माती. ही मातीसुद्धा लाव्ह्याचीच, झिजून झिजून झालेली, असं गाईड सांगत होता. मागच्या सीटवरची पोरं वाघासाठी पऱ्हाटीत डोळे लावून होती.

पिसदुरा हे वरोरा तालुक्यातलं गाव. कमान नाही, पाटी नाही, तिकीटघर नाही. गाडी थांबली तिथं एक शेत होतं आणि शेताच्या धुऱ्यावर दगडांचा ढीग होता. आपल्याकडं नांगराला दगड लागला की तो धुऱ्यावर भिरकावतात; हजारो वर्षांची आपली उत्खनन-पद्धती ती. ‘हेच,’ गाईड म्हणाला.

‘हेच काय?’

इथं त्याला पहिल्यांदा थोडा संकोच झाला. पत्रकात त्यानं हे छापलं नव्हतं आणि का छापलं नव्हतं ते लगेच कळलं. पिसदुरा जगाच्या भूशास्त्रात प्रसिद्ध आहे ते डायनासोरांच्या विष्ठेसाठी. दगड झालेली विष्ठा. जाणकार तिला कोप्रोलाइट म्हणतात. कीर्तनकाराला मृदंग तसा हा शब्द गाईडच्या साथीला होता, जिथं अडेल तिथं तो वाजवायचा. १९३९ साली चार्ल्स मॅटली नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञानं खास पिसदुऱ्याच्या या ऐवजावर लेख लिहिला आणि आकारावरून त्याची प्रतवारीही केली.

मी एक नग हातात घेतला. मुठीएवढा, राखाडी, थोडी पिवळसर झाक. एक टोक बोथट, दुसरं निमुळतं होत गेलेलं, आणि मधे आडव्या वळ्या पडलेल्या, इतक्या स्वाभाविक की कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुठीत चांगलाच जड लागला. वास नाही. मी घेऊन पाहिला; सगळेच घेऊन पाहतात, असं गाईड म्हणाला.

ताडोबात वाघ दिसला नाही की गाईड जिप्सी थांबवतो आणि जमिनीकडं बोट दाखवून म्हणतो, ‘ही वाघाची विष्ठा, कालचीच आहे.’ आपण वाकून पाहतो, फोटो काढतो, तिकीट वसूल झाल्याचं स्वतःला पटवतो. इथला प्रकार जास्त प्रामाणिक वाटला. डायनासोर दिसेल असं कोणी म्हणतच नाही; गाडी थेट विष्ठेपाशी नेऊन उभी करतात.

बांधावरून एक म्हातारी येत होती, डोक्यावर पऱ्हाटीचा भारा. थांबून तिनं आमच्याकडं पाहिलं. शहरातली, चष्मेवाली, टोप्या घातलेली माणसं तिच्या धुऱ्यावर ओणवी झालेली.

‘काय पाह्यता जी?’

‘शेण, आजी. लई जुनं,’ एक पोरगा म्हणाला.

‘शेणच पाह्याचं तं घरी या. गोठ्यात ताजं हाय,’ म्हणून ती चालती झाली.

काकांनी मात्र मुद्द्याचं विचारलं. ‘शेण हाय, तं जनावर कुठं गेलं?’

जनावर कलकत्त्याला गेलं होतं. जवळच डोंगरगावच्या टेकडीत १९८० च्या दशकात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना एका प्रचंड शाकाहारी डायनासोराचा बराचसा सांगाडा मिळाला. सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढं २००३ मध्ये त्याला संस्थेच्याच आद्याक्षरांवरून आयसिसॉरस हे नाव मिळालं. ‘आकडेवारीच्या संस्थेचं नाव डायनासोराला?’ वीज मंडळाचे साहेब म्हणाले. ‘ठीक आहे, आमच्याकडंही काही जण होते.’ काका ऐकत नव्हते. ते मोजत होते. शंखशिंपले लंडनला. सांगाडा कलकत्त्याला. लाव्हा सातारा-पुण्याला. ‘आणि आपल्याकडं ठेवलं काय?’ त्यांनी धुऱ्याकडं हात केला. ‘हे!’

गाईड याच क्षणाची वाट पाहत असावा, कारण त्याचा आवाज एकदम तासिका तत्त्वावरून कायम सेवेत गेला. हाडांनी काय सांगितलं? जनावर मोठं होतं. ते तर कोणीही सांगेल. शेणानं जे सांगितलं त्यासाठी अख्ख्या जगाला पुस्तकं बदलावी लागली. शाळेत शिकवायचे, की गवत पृथ्वीवर डायनासोर गेल्यानंतर फोफावलं. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याची हीच विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली घातली. गवताच्या पात्यात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, ते पचत नाहीत, कुजतही नाहीत. ते त्यात निघाले. एका नव्हे, निदान पाच जातींच्या गवतांचे. ‘सायन्स’ या जगातल्या मातब्बर नियतकालिकात तो लेख आला. २०११ मध्ये आणखी तपासल्यावर तांदळाच्या कुळातलं गवतही सापडलं.

गडचिरोलीच्या बाई एवढा वेळ शांत होत्या. आता त्या हसल्या. धानाच्या मुलखातल्या बाई. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी हे वाण काढलं, त्या भागात बाईंचं येणंजाणं. ‘म्हणजे आमच्याकडं भात खायची पद्धत बरीच जुनी आहे,’ त्या म्हणाल्या.

‘आणि काका,’ गाईड पुढं म्हणाला, ‘हे इथंच का दिसते, सांगू? हा थर लाव्ह्याच्या खालचा हाय. सह्याद्रीत असं काही असंन बी, पण वर दीडदोन किलोमीटर दगड. कोण उकरते? आपल्याकडं लाव्हा पातळ, तो बी झिजला. म्हणून खालचं उघडं पडलं. लाव्हा कमी आला म्हणून तं हे भेटलं आपल्याले.’

काकांनी बराच विचार केला. ‘म्हणजे,’ ते म्हणाले, ‘आपल्याकडं विकास झाला नाही, म्हणून आपलं शेण जगात गाजलं. असंच ना?’ गाईडला उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही.

जेवणाआधी एक प्रात्यक्षिक झालं. साधा दगड आणि हाडाचा जीवाश्म यात फरक कसा ओळखायचा? भूशास्त्रज्ञ जिभेला लावून पाहतात. हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं. गोटा चिकटत नाही. गाईडनं नखाएवढा तुकडा लावून दाखवला, तो खरंच लोंबकळला. वीज मंडळाचे साहेब सकाळपासून प्रत्येक विधान तपासून घेत होते. मीटर पाहिल्याशिवाय बिल मान्य करायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी स्वतः वाकून एक तुकडा उचलला, रुमालानं पुसला आणि जिभेला लावला.

‘चिकटत नाही,’ ते म्हणाले.

गाईडनं तुकडा हातात घेतला. उलटा केला. आडवी वळी अंगठ्यानं चाचपली.

‘सर, हे हाड नोहे.’

‘मग गोटा आहे?’

‘गोटा बी नोहे.’

कोणी काही बोललं नाही. मिसेसनी पर्समधून पाण्याची बाटली काढून पुढं केली. ‘साडेसहा कोटी वर्षं झाली, सर,’ गाईड धीर देत म्हणाला, ‘आता पार दगडच हाय तो.’ साहेबांनी मात्र चूळ भरली ती बाटली संपेपर्यंत. पोरांनी व्हिडिओ काढला होता. वाघाचा विषय दिवसभरात पुन्हा निघाला नाही.

जेवण वरोऱ्याला झालं: भाकरी, वांग्याचं भरीत, पाटवडीचा रस्सा. वीज मंडळाचे साहेब फक्त ताक प्यायले. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडीजवळ रस्त्याच्या कामात लाव्ह्याचे पैलूदार खांब निघाले आहेत, मुंबईच्या गिल्बर्ट हिलसारखे, तेही दाखवायचं गाईडच्या मनात होतं. पण वेळ झाली होती, आणि माणसं दगड पाहून तृप्त व्हायलाही एक मर्यादा असते.

परतताना जामला चहा. तिथं गडचिरोलीच्या बाईंनी सिरोंचा तालुक्यातल्या वडधमचा विषय काढला. वनखात्यानं तिथं जीवाश्म उद्यान केलंय. दगड झालेली झाडं आहेत, अख्खे बुंधे, आपल्या लाव्ह्याच्याही कितीतरी कोटी वर्षं आधीची, आणि त्या भागातून डायनासोरांची हाडंही निघाली आहेत. पुढची सहल तिकडंच काढा, त्या म्हणाल्या. गाईडनं तिथल्या तिथं वही काढली, नावं लिहायला सुरुवात केली.

‘एका दिवसात?’ ड्रायव्हरनं ग्लास खाली ठेवला. ‘आलापल्लीच्या पुढं सिरोंच्याचा रस्ता पाह्यला का तुमी? एकलं जायालेच दिवस लागते.’

‘रस्त्याचा अनुशेष,’ काका समाधानानं म्हणाले. ‘माझं नाव लिहा.’

पोरांनी नावं दिली. मीही दिलं. गाईड पेन घेऊन वीज मंडळाच्या साहेबांपुढं उभा राहिला. साहेबांनी चहाचा घोट घेतला, मिसेसकडं पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, ‘तिथं काही चाटावं लागतं का?’