पुरावा जाईल ना हो!

बापूंसारखा एक माणूस तुमच्याही हापिसात असणारच. खिशात दोन पेनं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि कुणी सहज जरी म्हटलं की 'अहो, मशीन बंद करून चालू करा की', तर खुर्चीतून उठून मधे उभा राहणारा.

आमच्या संस्थेचा सर्व्हर बापूंच्या ताब्यात आहे. परभणीचा मे तुम्हाला ठाऊक आहे, पारा चव्वेचाळीसच्या खाली यायचं नाव घेत नाही. संस्थेत एसी एकच, तोही सर्व्हरच्या खोलीत. त्यामुळे उन्हाळ्यात लेखापालांपासून शिपाई मामूंपर्यंत सगळ्यांना संगणकशास्त्राची अचानक गोडी लागते. बापू काळ्या पडद्यासमोर, आणि त्यांच्यामागे आम्ही डबे उघडून.

प्रवेशाच्या दिवसांत फीची पावती निघेना. रांग जिन्यापर्यंत गेलेली. जिंतूर, सेलू, गंगाखेडहून एसटीनं आलेली पोरं, सोबत त्यांचे बाप, त्यांच्या हातात पिशव्या. प्राचार्य स्वतः खाली आले. "बापू, बटन दाबा." बापूंनी सर्व्हरला पाठ लावली अन् म्हणाले, "सर, पुरावा जाईल ना हो!"

"कसला पुरावा? खून झालाय का इथं?"

बापूंचं म्हणणं असं. प्रोग्रॅम चालताना मेमरीतली जागा मागून घेतो. काम झालं की ती परत करायची असते. युनिक्स १९६९ साली बेल लॅब्जमध्ये जन्मलं, पुढं तिथंच डेनिस रिचींनी सी भाषा घडवली, आणि त्या भाषेत जागा परत करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकली. लिहिणारा विसरला की गळती सुरू. आज थोडी, उद्या थोडी. प्रोग्रॅम बंद केला की त्यानं खाल्लेलं सगळं परत मिळतं, पण कुणी खाल्लं, कुठं खाल्लं, ते कळायची वाटही त्याच क्षणी बुजते. "सर, लंडनला १९९२ साली ॲम्ब्युलन्स पाठवायची यंत्रणा अशीच बसली. दर गाडी रवाना केली की चिमूटभर मेमरी अडकायची. तीन आठवड्यांत सर्व्हर भरला अन् ४ नोव्हेंबरला मान टाकली."

प्राचार्य म्हणाले, "आपल्याला ॲम्ब्युलन्स पाठवायची नाही, पावती काढायचीय." पावत्या त्या दिवशी हातानं फाडल्या. फाडणाऱ्यांत मी होतो. बोटं काळी झाली.

हा पुराव्याचा सोस हापिसापुरता असता तरी चाललं असतं. बापूंना ताप आला की ते गोळी घेत नाहीत. गोळीनं ताप उतरला तर कारण कसं सापडणार? घरचा नळ गळायला लागला तेव्हा त्यांनी प्लंबरला दारातूनच परत लावलं, खाली बादली ठेवली आणि तासातासाला पट्टीनं पाणी मोजलं. वहिनी म्हणाल्या, वॉशर तीस रुपयांचा आहे. बापू म्हणाले, प्रश्न वॉशरचा नाही. नवराबायकोचं भांडण झालं तरी ते मिटवू देत नाहीत म्हणे. आधी पहिलं वाक्य कुणाचं ते निघालं पाहिजे, लगेच गोड बोललं तर पुरावा जातो. वहिनींनी हे मला हसत सांगितलं. हसताना बघत मात्र बादलीकडं होत्या.

लेखापालांनी एकदा पडद्यावर डोकावून बोंब मारली, "सोळा जीबीतली दोनशे एमबी उरली!" बापूंनी न वळता सांगितलं, ती गळती नाही. लिनक्स रिकामी जागा तशी ठेवत नाही, वाचलेल्या फायली तिथं ठेवून घेतं आणि कुणी मागितली की लगेच सोडतं. मेमरी खरंच संपली तर लिनक्स स्वतःच एखाद्या प्रोग्रॅमला संपवतं, आणि बहुतेक वेळा सर्वांत जास्त खाणाऱ्यालाच. एवढा न्याय आमच्या संस्थेत नाही.

बापूंची शंभरपानी वही मी एकदा चाळली. डावीकडं तास, मग मोकळी मेमरी, मग नेटवर्कच्या बफरांनी अडवलेली मेमरी, शेवटी 'क्लोज वेट'. हा शेवटचा आकडा फक्त चढत होता. सकाळी चाळीस, दुपारी तीनशे, संध्याकाळी नऊशेच्या पुढं. हजाराच्या आसपास पावती अडायची. एका प्रोग्रॅमला एका वेळी १०२४ फायली उघडता येतात, ही नेहमीची मर्यादा, आणि युनिक्सच्या हिशेबात नेटवर्कचं कनेक्शनही फाइलच. क्लोज वेट म्हणजे पाहुणा 'येतो हं' म्हणून उंबऱ्यावर उभा आहे आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं राहून गेलंय. समोरच्यानं कनेक्शन मिटलं, आपल्या प्रोग्रॅमनं मिटलंच नाही. तो मिटवत नाही तोवर ते तसंच राहतं, त्याला काळाची मुदत नाही.

चोर सापडला. बँकेकडून चुकीचा निरोप आला की फीचा प्रोग्रॅम कनेक्शन न मिटताच मागं फिरायचा. एक ओळ लिहायची राहिली होती. लिहिणारा आमचाच माजी विद्यार्थी; 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण त्यानं फारच मनावर घेतली आणि म्युनिक गाठलं. बापूंनी त्याला वहीच्या पानांचे फोटो जोडून लांबलचक मेल धाडली. उत्तर एका ओळीत आलं: "रिस्टार्ट करून बघितलं का?"

बापू दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती ओळ स्वतःच लिहिली. पुढच्या प्रवेशाला रांग जिन्यापर्यंत गेलीच नाही, पोरं दुपारच्या एसटीनं घरी गेली, आणि सर्व्हरच्या खोलीत बापूंना विचारायला कुणी आलं नाही. मी गेलो. खरं तर एसीसाठी गेलो होतो, पण बसलो बराच वेळ.

बापू कंत्राटी आहेत, हे तेव्हा कळलं. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक-दोन दिवसांचा 'तांत्रिक खंड', मग नवा आदेश. सेवा सलग दिसू नये म्हणून ही तजवीज. केस पिकले त्यांचे इथं, पण कागदावर बापू कायम नवेच. आधीच्या वर्षांचा पुरावा दर खंडाबरोबर जातो. मामू चहाचे कप उचलता उचलता म्हणाले, "मशीनला हात लावू देईना हा माणूस, अन् ह्यालाच दर साली बंद करून चालू करतेत."

यंदाचा खंड लांबलाय. फाइल लेखापालांच्या टेबलावर आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमची कुणाची वर ओळख असेल तर एक शब्द टाका. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात.